जुनी एल कॅमिनो घेतोय: कुठली घ्यावी, आणि घेतल्यावर तिचं काय काय करावं?

सुकाणू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात असलेलं खूळ आता पैसे बाजूला काढण्यापर्यंत पोचलंय. मला एल कॅमिनो घ्यायची आहे. पुढून कार, मागून हौदा.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फोर्डने १९५७ साली स्टेशन वॅगनचा मागचा भाग उघडा करून रँचेरो आणली. शेवरलेने १९५९ ला उत्तर म्हणून एल कॅमिनो काढली, दोन वर्षांत बंद केली, मग १९६४ ला आपल्याच चेव्हेल या कारच्या सांगाड्यावर परत आणली आणि ती १९८७ पर्यंत चालली. जीएमसीच्या (शेवरलेसारखाच जनरल मोटर्सचा दुसरा ब्रँड) नावानेही तीच गाडी विकली जायची, आधी स्प्रिंट आणि १९७८ पासून कॅबालेरो.

मी ओहायोत राहतो. शनिवार-रविवारी लाकूड, मल्चच्या (झाडांच्या बुंध्याशी पसरायच्या भुशाच्या) गोण्या, नर्सरीतली झाडं आणायची असतात. एरवी गाडी चालवायची हौस आहे, ऑफिसला न्यायची नाही.

समोर दोन गाड्या आहेत.

पहिली १९७० ची. लालभडक, बोनेटवर काळे पट्टे, चकाचक. इंडियानात आहे. मालक म्हणतो, ‘अस्सल एसएस ३९६’ (एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट, दमदार इंजिनाची आवृत्ती). किंमतही तशीच.

दुसरी १९८४ ची, ॲरिझोनातली. तपकिरी रंग उन्हाने उडालेला, डॅशबोर्ड चिरलेला, सीट फाटलेली. ३०५ घनइंची व्ही८ इंजिन, चालू आहे. पहिलीच्या पाव किमतीत मिळेल.

घेतल्यावर पुढे डिस्क ब्रेक (७० घेतली तर), ओव्हरड्राइव्हचा (हायवेवर इंजिन सावकाश फिरवणारा) गिअरबॉक्स, एसी, आणि गाडी थोडी खाली बसवायची असा बेत आहे. पुढेमागे एलएस (जनरल मोटर्सचं नव्या पिढीचं व्ही८) इंजिनसुद्धा. मन लाल गाडीकडे ओढतंय, हे काही वेगळं सांगायला नको. बोला.

---

चौथा_गिअर

सरळ फोर्डचा एफ-१५० पिकअप घ्या की. एसी चालतो, ब्रेक लागतात, मुलं मागे बसतात. बाकी तुमची मर्जी.

---

सुकाणू

@चौथा_गिअर, असा एक प्रतिसाद येणार हे माहीतच होतं, पण पहिलाच येईल असं वाटलं नव्हतं. :)

---

स्पॅनर

सुकाणू, माझ्याकडे १९७१ ची आहे आणि त्याआधी एक ६९ होती, म्हणून थोडं लांबण लावतो.

एल कॅमिनो घेताना लोक पुढून बघतात. ग्रिल, बोनेट, पट्टे, इंजिन. नेमकं तिथेच बघायची गरज सगळ्यात कमी. दाराच्या पुढचं सगळं त्या वर्षाच्या चेव्हेलचं असतं. मडगार्ड, बोनेट, बंपर, ग्रिल, सगळं नवं करकरीत बनून मिळतं, कारण चेव्हेलवाले लाखांनी आहेत. दाराच्या मागचा अर्धा भाग मात्र फक्त एल कॅमिनोचा. हौद्याच्या आतल्या भिंती, मागच्या काचेखालचा पत्रा, केबिनचे मागचे कोपरे, फाळक्याच्या बाजूचे खांब. यातलं काही बनून मिळतं, काही मिळत नाही, आणि जे मिळतं तेही बसवायला हात लागतो. त्यामुळे माझा साधा नियम: गाडी मागून घ्यायची. पुढचा भाग पैशाने येतो.

लाल गाडी बघायला जाल तेव्हा या क्रमाने बघा.

हौद्याच्या पुढच्या टोकाला, केबिनच्या भिंतीला लागून एक पत्र्याचा तुकडा बोल्टने बसवलेला असतो. त्याखाली एक खोल कप्पा आहे. वॅगनमध्ये मागच्या सीटवर बसणाऱ्यांचे पाय जिथे असतात ती ही जागा, इथे हौद्याखाली झाकली गेली. अमेरिकेत तिला सगळे गमतीने ‘स्मगलर्स बॉक्स’ म्हणतात. पाणी मुरतं ते इथे. झाकण उघडून टॉर्च मारा, तळाला हात लावा. ओल, पत्र्याचे पापुद्रे, किंवा नुकताच फासलेला काळा डांबरी रंग दिसला तर समजा काय ते.

मग मागची काच. तिच्या खालच्या कोपऱ्यांत चकचकीत पट्टीखाली पाणी अडतं, पत्रा आतून खातं आणि सीटमागे उतरतं. सीट पुढे ओढून गालिचा उचला. तिथला वास नाकालाच कळतो.

मग मागच्या चाकावरून चेसिस जिथे वर चढते तो भाग. आत चिखल आणि रस्त्यावरचं मीठ साचून आतून सडतं, बाहेरून रंग छान दिसतो. लहान हातोडीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो.

शेवटी लोहचुंबक. फडक्यात गुंडाळून मागच्या मडगार्डच्या खालच्या वीतभर भागावर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. थोडी लांबी सगळ्यांच्याच अंगावर असते, माझ्याही गाडीच्या आहे. चुंबक सरळ घसरून खाली पडलं तर मात्र मालकाला चहा पाजून परत या.

---

पूर्वा_मे

अगदी तंतोतंत. एक भर घालते, ‘अस्सल एसएस’ बद्दल.

१९६८ ला एसएसची वेगळी मालिका होती, त्यामुळे गाडीचा नंबर (प्लेटचा नव्हे, कारखान्याने दिलेला) १३८८० ने सुरू होतो आणि तिथेच खरंखोटं होतं. (शेवटचं ८० म्हणजे एल कॅमिनोची बॉडी.) १९६९ पासून एसएस हे नुसतं पर्यायी पॅकेज झालं. १९७० च्या गाडीवर १३६८० दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच की ती व्ही८ वाली कस्टम एल कॅमिनो म्हणून बाहेर पडली. एसएस होती की नव्हती हे त्या नंबरावरून कळत नाही. कारखान्याचा बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं त्याची यादी) हवा. तो कधी पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावर अडकलेला सापडतो, कधी सीटच्या स्प्रिंगांत. नाहीतर मूळ विक्रीची कागदपत्रं.

पट्टे, बिल्ले आणि ग्रिल कुणीही विकत घेऊन लावू शकतं. आणि गंमत म्हणजे १९७० चं ‘३९६’ हे प्रत्यक्षात ४०२ घनइंचांचं इंजिन होतं, नाव तेवढं जुनं ठेवलं. विकणाऱ्याला सहज विचारून बघा. ज्याला आपली गाडी माहीत आहे तो लगेच सांगेल.

कागद नसेल तर ती छान लाल एल कॅमिनो आहे, आणि तिची किंमत छान लाल एल कॅमिनोची. एसएसची नाही.

---

इंजिनबाबा

तुम्ही सगळे गंज-गंज करताय, मुद्द्याचं कुणी बोलत नाहीये. कुठलीही घ्या, इंजिन काढा आणि शेवरलेच्या सिल्व्हराडो पिकअपमधलं ५.३ लिटरचं एलएस घराण्यातलं इंजिन टाका. भंगारवाड्यात १९९९ ते २००७ च्या सिल्व्हराडो पडलेल्याच असतात. सोबत ४एल६०ई गिअरबॉक्स येतो, म्हणजे ओव्हरड्राइव्हचाही प्रश्न मिटला. थंडीत किल्ली फिरवली की सुरू. कार्बोरेटरची पूजा करत बसायला नको.

---

स्पॅनर

बाबा, इंजिन स्वस्त असतं हे खरंय. पण उरलेलं सांगा ना. ट्रकचा ऑइल पॅन खोल असतो, तो ए-बॉडीच्या (चेव्हेल आणि जुन्या एल कॅमिनोचा सांगाडा) क्रॉसमेंबरला, म्हणजे चेसिसच्या आडव्या पट्टीला आपटतो, म्हणून वेगळा पॅन. माउंटच्या पट्ट्या. हेडर (एक्झॉस्टचे पाइप). इंजेक्शनला साधारण ५८ पीएसआय दाब लागतो, म्हणजे नवा पंप, आणि वळणावर पेट्रोल एका बाजूला पळू नये म्हणून आत आडव्या भिंती असलेली टाकी. वेगळी वायरिंग, संगणकाचं ट्यूनिंग, रेडिएटर, शाफ्टची लांबी. अशा किरकोळ गोष्टींची बिलं जोडली की इंजिनाच्या किमतीपेक्षा जास्त भरतात. आणि अर्धवट सोडलेले असे कितीतरी प्रोजेक्ट जाहिरातींत दिसतात. ‘९० टक्के काम झालंय’ असं लिहिलेलं असतं.

---

इंजिनबाबा

माझा अर्धवट नाही. :) पण बिलांचं म्हणताय ते नाकारत नाही. तरी परत करायची वेळ आली तर तेच करीन. आणि हो, ८४ मध्ये टाकणार असाल तर मागचं डिफरन्शियल आधी बदला. जी-बॉडीत (८४ चा सांगाडा) ७.५ इंची टेन-बोल्ट येतं, जोरदार इंजिनापुढे ते टिकत नाही. ८.५ इंची शोधा.

---

सॅनहोजेकर

इथे कॅलिफोर्नियात हा सगळा वाद कागदावरच सुटतो.

१९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग (धुराची) तपासणी नाही. १९७६ पासून पुढे आहे. म्हणजे ७० मोकळी, ८४ बांधलेली. ८४ मध्ये इंजिन बदलायचं तर नवं इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, ज्या गाडीतून काढलं तिची धूरनियंत्रणाची सगळी सामग्री सोबत यायला हवी, आणि राज्याच्या रेफरीकडून (अशा बदललेल्या गाड्या तपासणारा) पास करून घ्यावं लागतं. बाजारातला एखादा पार्ट लावलात तर त्यावर कार्बचा (राज्याचं हवा-प्रदूषण मंडळ) मंजुरी क्रमांक हवा. माझ्या एका मित्राने ८१ ची घेतली, आधीच्या मालकाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप घातला होता. गाडी उत्तम, नोंदणी होईना.

दुसरं, पिकअप असल्यामुळे इथे व्यावसायिक प्लेट घ्यावी लागते आणि वजनाची फी वेगळी भरावी लागते. तुम्ही तिच्यातून फक्त कुंड्या नेत असलात तरी. डीएमव्हीच्या (गाड्यांची नोंदणी करणारं खातं) खिडकीवर ‘ही तर कार आहे’ असा वाद घालणारे मी पाहिले आहेत. कुणी जिंकताना पाहिलेलं नाही.

सुकाणू, ओहायोचे नियम वेगळे आहेत, तिथलं बघून घ्या. पण पुढे इकडे बदली व्हायची शक्यता असेल तर हे ध्यानात ठेवा.

---

चौथा_गिअर

एफ-१५०.

---

गॅरेजवाली

रँचेरोची बाजू कुणी मांडत नाहीये म्हणून मी.

माझी १९६५ ची, फोर्डच्या फाल्कन या छोट्या कारवर बेतलेली. सहा सिलिंडर. हिला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस, आणि मागे पाटे. मस्टँग याच फाल्कनच्या सांगाड्यातून जन्मली, त्यामुळे पुढच्या सस्पेन्शनचे आणि डिस्क ब्रेकचे मस्टँगसाठी बनलेले बरेच संच हिला बसतात. मात्र सहा सिलिंडरवाल्याला चार बोल्टांची चाकं असतात आणि व्ही८ वाल्याला पाच, तेवढं बघून मागवायचं.

हिचा गंज अधिक गंभीर, कारण फ्लोअर सडला म्हणजे सांगाडाच सडला. पुढचे शॉक टॉवर (शॉक ॲब्सॉर्बर ज्यांत बसतात ते पत्र्याचे खांब) जिथे बॉडीला जोडलेत तिथे तडे बघायचे.

ब्रेकबद्दल सगळ्यांसाठी एक गोष्ट. १९६६ पर्यंतच्या या गाड्यांत मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल ढकलणारा) एकाच सर्किटचा असायचा. कुठलीही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले, पाय सरळ जमिनीला. १९६७ पासून दुहेरी आला. मी गाडी आणली त्या आठवड्यात रंग, सीट, रेडिओ काही बघितलं नाही, आधी दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला. यात शोभा काही नाही, फोटोत दिसतही नाही. पण उतारावर समोर सिग्नल लाल झाला की कळतं पैसे कुठे गेले ते.

---

पूर्वा_मे

गॅरेजवाली ताई, प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हबद्दलही लिहा ना. लोक डिस्क लावतात आणि तिथेच थांबतात.

---

गॅरेजवाली

लिहिते. हौदा रिकामा असला की या गाड्यांचं ढुंगण हलकं असतं. ब्रेक दाबला की वजन पुढे जातं, मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी आडवी फिरायला बघते. पावसात जास्तच. म्हणून मागच्या नळीत हाताने फिरवता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह टाकायचा. मग ओल्या, मोकळ्या पार्किंगमध्ये कमी वेगात जोरात ब्रेक मारून बघायचं, दुसऱ्या कुणाला तरी बाहेर उभं करून. पुढची चाकं आधी जाम व्हायला हवीत, मागची नंतर. मागची आधी झाली तर मागचा दाब अर्धा-अर्धा फेरा कमी करत जायचं. ही जुळणी रिकाम्या हौद्यावर करा, भरलेल्या नाही.

आणि इंजिनबाबांचे चाहते मोठा कॅमशाफ्ट घालतात त्यांच्यासाठी: मोठ्या कॅमने व्हॅक्यूम पडतो, व्हॅक्यूम पडला की ब्रेक बूस्टर मरगळतो. आवाज भारी येतो आणि पेडल दगडासारखं होतं.

---

कांगारू_काका

मेलबर्नहून नमस्कार. तुम्ही अमेरिकावाले १९५७ ची गोष्ट सांगताय, इकडे हा प्रकार त्याच्या बराच आधीचा.

फोर्डच्या जिलाँगच्या कारखान्यात ल्यू बँट नावाचा तरुण डिझायनर होता. १९३२ साली एका शेतकऱ्याच्या बायकोचं पत्र आलं म्हणतात: रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी गाडी करा. त्यावर बँटने काढलेली कूपे युटिलिटी १९३४ मध्ये रस्त्यावर आली. होल्डन या इथल्या कंपनीने १९५१ पासून यूट (युटिलिटीचं लाडकं नाव) बनवायला घेतली. फाल्कन यूट २०१६ ला बंद पडली, होल्डनची २०१७ ला, आपापल्या कारखान्याला टाळं लागलं त्याच वर्षी. डेनिलिक्विनला १९९९ पासून यूटचा मेळा भरतो, एकदा जाऊन या, डोळे निवतात.

इथे इंजिन किंवा ब्रेक मोठ्या प्रमाणात बदलले की मान्यताप्राप्त इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. कटकट वाटते खरी, पण कुणीतरी शहाण्या माणसाने वेल्डिंग तपासलेलं असतं. तुमच्याकडे काही राज्यांत कुणीच विचारत नाही, ते ऐकून मला रात्री झोप लागत नाही.

---

चौथा_गिअर

काका, एवढं वाचून आता मलाच घ्यावीशी वाटायला लागलीय.

---

कांगारू_काका

सुबारूची ब्रॅट घ्या मग, हट्ट पुरा होईल. १९७८ ला अमेरिकेत आली तेव्हा हौद्यात दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मागे तोंड करून, जोडून यायच्या. कारण परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात होती, युरोपशी कोंबड्यांवरून झालेल्या भांडणातून १९६४ पासून लागू झालेली. मागे सीट आहेत म्हणजे ती प्रवासी गाडी, ट्रक नाही! रोनाल्ड रेगन यांच्या रँचवरही एक ब्रॅट होती.

---

सुकाणू

धागा हायजॅक व्हायच्या आत परत येतो. सगळ्यांचे आभार, विशेषतः स्पॅनर आणि पूर्वा ताईंचे.

इंडियानाला जाऊन आलो. गाडी फोटोत होती तशीच, खरंच देखणी. मालक बोलायला गोड. कप्प्याचं झाकण उघडू म्हटलं तर म्हणाले, बोल्ट खूप दिवस उघडलेले नाहीत, रंग उडेल. चुंबक काढलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. डाव्या मडगार्डला चाकामागे ते कुठेच धरेना. उजव्या बाजूला जेमतेम. सीटमागचा गालिचा नवा कोरा होता आणि त्याखालचं पॅडिंग ओलं. बिल्ड शीट नाही, जुने कागद नाहीत. ४०२ चं विचारलं तर म्हणाले, ‘नाही नाही, हिचं ओरिजिनल ३९६ च आहे.’

परत आलो.

आता ८४ चं नक्की करतोय. ॲरिझोनातल्या एकाला पैसे देऊन लिफ्टवर चढवून फोटो काढून घेतले. खालून पत्र्यावर धूळ आहे, गंज नाही. कारखान्याच्या खडूच्या खुणासुद्धा अजून दिसतात. वरून सगळं उन्हाने खाल्लंय: डॅश, सीट, दारांची रबरं, छताचं कापड.

---

स्पॅनर

डोळे झाकून घ्या. रबर आणि कापड कॅटलॉगमधून येतं.

---

पूर्वा_मे

+१. शिवाय ८४ चे मागचे दिवे आणि बंपर शेवरलेच्या मलिबू वॅगनशी जुळतात, त्यामुळे भंगारवाड्यात वॅगन दिसली की थांबायचं. ती संख्याही आता रोडावत चाललीय, म्हणून लागणारे तुकडे लवकर घेऊन ठेवा.

---

सुकाणू

घेतली! ट्रेलरवरून येतेय.

आता मॉडिफिकेशनचं. तीन प्रश्न: (अ) खाली बसवायचीय, मागची कॉइल कापू का? (आ) गिअरबॉक्स कुठला? (इ) ३०५ चा तो संगणकवाला कार्बोरेटर काढून साधा लावू का?

---

स्पॅनर

अभिनंदन!

(अ) कॉइल कापू नका. तुम्हाला गोण्या न्यायच्या आहेत ना? कापलेल्या स्प्रिंगवर ओझं पडलं की एक्सल रबरी अडणीवर आपटत राहतो आणि शाफ्टचा कोन बिघडतो. पुढे हवं तर इंचभर खाली घ्या. मागे मूळ उंचीच्या कॉइल ठेवा आणि कॉइलच्या आत बसणाऱ्या हवेच्या पिशव्या टाका. ओझं टाकण्याआधी हवा भरायची, उतरवल्यावर सोडायची. दोन्ही बाजूंना वेगळ्या नळ्या न्या. एकाच नळीला टी जोड दिला तर वळणावर दाबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी जास्तच कलते.

एअर शॉक नकोत का, असं कुणी विचारेलच. जुन्या एल कॅमिनोंना कंपनीतूनही यायचे. पण त्यांत भरपूर हवा भरून सगळं ओझं त्यांच्यावर टाकलं की शॉकचा वरचा जोड ते वजन घेतो, आणि तो त्यासाठी बनवलेलाच नाही. तडे गेलेले क्रॉसमेंबर मी पाहिलेत.

आणि ओझ्याचा अंदाज आधीच घ्या. अर्धा घनयार्ड खडी म्हणजे साधारण १,४०० पौंड. ते या गाडीचं काम नव्हे, यार्डवाल्याचा लोडर एका बादलीत टाकून मोकळा होईल आणि तुम्ही बघत राहाल. कोरडा मल्च चालेल. खडी घरपोच मागवा.

---

इंजिनबाबा

(आ) एलएस घालत नसाल (अजून वेळ गेलेली नाही!) तर २००-४आर गिअरबॉक्स. लांबी जुन्या टीएच३५० गिअरबॉक्सएवढीच, म्हणून शाफ्ट कापायची गरज पडत नाही, फक्त क्रॉसमेंबर मागे सरकवावा लागतो. ओव्हरड्राइव्ह ०.६७, म्हणजे हायवेवर इंजिनाचे फेरे एक तृतीयांशाने कमी. आधी खाली वाकून बघा, ८४ मध्ये कदाचित तोच आलेला असेल.

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा: टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल. कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सकडे जाणारी ती केबल आतला तेलाचा दाब ठरवते. नुसती गिअर कधी बदलायचा यासाठी ती नाही. ढिली राहिली की क्लच प्लेटा जळतात, तेही थोडक्या मैलांत. नवा कार्बोरेटर लावला की तिची भूमिती बदलते, म्हणून कार्बोरेटरच्या दांड्यावर योग्य ब्रॅकेट लावून, थ्रॉटल पूर्ण उघडून जुळवायची. मगच गाडी हलवायची.

---

सॅनहोजेकर

(इ) तुमच्याकडे नियम आड येत नसले तरी घाई करू नका. १९८१ पासूनच्या त्या क्वाड्राजेट कार्बोरेटरला संगणक चालवतो आणि स्पार्कची वेळही तोच ठरवतो. नुसता कार्बोरेटर बदललात आणि डिस्ट्रिब्युटर तोच ठेवलात तर टायमिंग पुढे सरकत नाही, गाडी मेल्यासारखी चालते. मग लोक म्हणतात ३०५ भिकार. बदलायचं तर दोन्ही एकदम. आणि त्याआधी व्हॅक्यूमच्या सगळ्या नळ्या नव्या टाका, ॲरिझोनात रबराचे तुकडेच झालेले असतात. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

इन्शुरन्स ‘ॲग्रीड व्हॅल्यू’चा घ्या, रक्कम आधी ठरलेली असते. पण अशा पॉलिसीत रोजच्या कामाला गाडी वापरण्यावर बऱ्याचदा बंधन असतं, तुमच्या गोण्यांबद्दल आधीच विचारून लेखी घ्या.

---

गॅरेजवाली

हौद्यात स्प्रे लायनर (जाड संरक्षक थर) मारणार असाल तर आधी सगळ्या सांध्यांतली धूळ काढून, पत्रा उघडा करून, प्रायमर मारून मगच. गंजावर लायनर मारला की खाली काय चाललंय ते कधीच दिसत नाही. आणि सीटमागच्या खोलगट जागेतली पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. ओहायोत मीठ आहे, ॲरिझोनात नव्हतं.

---

चौथा_गिअर

माझ्या नवऱ्याने हा धागा वाचला. आमच्या गावात एक ७९ ची रँचेरो विकायला आहे म्हणे. गॅरेजवाली ताई, ती पण मस्टँगसारखीच का?

---

गॅरेजवाली

नाही हो, १९७२ पासूनची रँचेरो वेगळीच गाडी आहे. मोठी, वेगळ्या चेसिसवर, आणि १९७७ ते ७९ वाली फोर्डच्याच एलटीडी २ या कारवर. पुढचे पार्ट शोधायचे ते त्या गाडीचे. नवा धागा काढा, फोटो टाका, हौद्याचे आधी.